दोन बोटांमधली जागा

मैत्रेयी तामगाडगे अकरावीच्या नव्या वर्गात पहिल्या दिवशी शिरायची तेव्हा हजेरी घ्यायची नाही. उजवा हात वर करायची आणि म्हणायची, "पाहून घ्या. दोन मिनिटं देते. नंतर फळ्याकडे पाहायचं."

तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं करंगळीकडचं, ही दोन बोटं मुळापासून नखापर्यंत एकाच कातडीत होती. नखं दोन, बोट एक. मुलं आधी चोरून पाहायची, मग उघड पाहायची, आणि दोन मिनिटं संपायच्या आत कंटाळायची. तेच तिला हवं असायचं.

महागावच्या त्या ज्युनिअर कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची आणि मी भूगोल. २००४ साली आम्ही दोघी एकाच आठवड्यात रुजू झालो आणि पुढची तीन वर्षं एकाच घरात दोन खोल्यांत राहिलो. तिची पुढची हकीकत बरीचशी तिच्या आणि तिच्या आईच्या तोंडून ऐकलेली आहे. शेवटची मात्र मी डोळ्यांनी पाहिली.

मैत्रेयीचे वडील नागोराव पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. कापूस मशीनवर घालायचा, सरकी वेगळी, रुई वेगळी. आई कौसल्या लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची. मैत्रेयी त्यांची पहिली मुलगी. १२ ऑगस्ट १९८० रोजी सरकारी दवाखान्यात जन्मली, म्हणून तारीख पक्की. नर्सनं बाळ गुंडाळून दिलं. तिसऱ्या दिवशी आत्यानं अंगाला तेल लावताना मुठी उघडल्या, आणि तिचा हात तसाच थांबला. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं जुळलेली.

मोहल्ल्यातल्या बायकांना कारण शोधायला वेळ लागला नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत, सोळा तारखेला, भर दुपारी मोठं सूर्यग्रहण झालं होतं. सगळ्या वेचणाऱ्या बाया लवकर घरी पळाल्या होत्या. कौसल्या तेवढी मागे राहिली, कारण तिची शेवटची ओळ व्हायची होती. अंधारून आलेल्या उजेडात तिनं वेचलेला कापूस गाठोड्यात बांधला आणि गाठ मारली. वाटेवरून मागे वळून पाहणाऱ्या दोघी-तिघींना ते दिसलं होतं.

"गिऱ्हाणात गाठ मारली, लेकराची बोटं बांधल्या गेली," एवढं एक वाक्य पुरे झालं.

नागोरावांनी ते ऐकून घेतलं नाही. त्यांच्या वडिलांनी छप्पन्नच्या नंतर लगेच दीक्षा घेतलेली, घरातून देव गेले तसे ग्रहणाचे नियमही गेले. ते बायकांना म्हणाले, "आमच्या घरात हे चालत नाही. चंद्र मधात आला, सावली पडली, संपलं." मुलीचं नाव त्यांनी विहारात ठेवलं. कौसल्येनं नवऱ्याचं म्हणणं कधी खोडलं नाही. पण मानलंही नाही. पुढे कधी गाठोडं बांधायची वेळ आली की ती शेजारणीला म्हणायची, "जरा तू बांध."

मैत्रेयी सात-आठ वर्षांची झाल्यावर सुट्टीत आईबरोबर वेचायला जायला लागली. कापूस वेचायला अंगठा आणि पहिली दोन बोटं लागतात. बोंडाच्या पाकळ्या सुकून कडक झालेल्या असतात, त्यांच्या फटीत बोट घालून एका ओढीत सगळी रुई बाहेर काढायची. तिचं मधलं बोट फटीत शिरायचं नाही, शेजारचं त्याला धरून ठेवायचं. दोन्ही हात ओरबाडून यायची. आई रात्री खोबरेल लावायची.

अकराव्या वर्षी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात डाव्या हाताची शस्त्रक्रिया झाली. जांघेतलं कातडं काढून बोटांच्या मध्ये लावलं. बोटं सुटली, पण दोन महिने हात बांधलेला राहिला आणि दुखणं तिच्या लक्षात राहिलं. उजव्या हाताची पाळी आली तेव्हा तिनं साफ नकार दिला. "या हातानं मी लिहिते," ती म्हणाली. "हा राहू द्या." नागोराव मुलीच्या हट्टापुढे नेहमी हरायचे, तसे हरले.

बी.एस्सी.ला यवतमाळला गेल्यावर तिला कुंदा मॅडम भेटल्या. प्राणिशास्त्र शिकवायच्या. गोऱ्या, ठेंगण्या, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली; आजोबांपासून घर नोकरदारांचं. स्वभाव कडक. अभ्यासक्रमात कोंबडीच्या गर्भाच्या तयार काचपट्ट्या दाखवल्या की काम भागत होतं, पण त्या अंडी उबवायच्या. लाकडी खोक्यात बल्ब लावून, ताटलीत पाणी ठेवून. सहाव्या, सातव्या, आठव्या दिवसाचं एकेक अंडं फोडून त्या मुलांना पाय दाखवायच्या.

सहाव्या दिवशी पाय नसतोच, वल्ह्यासारखं एक चपटं पातं असतं. सातव्या दिवशी मॅडमनी पात्यावर लाल रंगाचा एक थेंब सोडला. मरणाऱ्या पेशी तो रंग धरतात. थोड्या वेळानं भिंगाखाली पात्यात तांबडे पट्टे उमटले, बोटं जिथं होणार त्यांच्या बरोबर मध्ये.

"शिल्पकार बोटं लावत नाही," मॅडम म्हणाल्या. "मधलं काढून टाकतो. या पेशी मरताहेत म्हणून बोटं सुटताहेत."

एका मुलानं विचारलं, "मॅडम, यांना मरायचं हे कसं कळतं?"

मॅडमनी खुर्ची ओढून घेतली. पेशीच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, काही खास रेणू बसवलेले असतात, त्यांना ग्राही म्हणतात, हे त्यांनी सांगितलं. शेजारून एक ठरावीक प्रथिन येतं आणि त्या ग्राहीला चिकटतं. चिकटलं की आत निरोप जातो, एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. शेवटी पेशी स्वतःच स्वतःला मोडायला लागते. जखमेतल्या पेशीसारखी ती सुजून फुटत नाही. नीट लहान लहान तुकडे करते, आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. मागे काही राहत नाही.

मग त्यांनी एक झेरॉक्स काढली. दोन-तीन वर्षांपूर्वी परदेशात छापून आलेला लेख होता. तिथल्या संशोधकांनी कोंबडीच्या वाढत्या पायात मुद्दाम बिघडवलेला ग्राही घातला होता. प्रथिन येत होतं, पण निरोप आत जात नव्हता. फोटोत त्या पिलाचा पाय होता. बोटांच्या मध्ये पडदा, बदकासारखा.

मैत्रेयी मला म्हणाली होती, "मी तो फोटो किती वेळ पाहत होते कोण जाणे. बाकीची मुलं हात धुवायला गेली तरी मी तिथंच. उजवा हात मी ओढणीखाली घेतला होता. आणि मग मला वाटलं, मी कायले लपवून राह्यली? मी हात काढून त्या फोटोच्या बाजूला ठेवला."

कुंदा मॅडमनी ते पाहिलं. त्यांनी समजूत घालणारं काही म्हटलं नाही. "तुझ्या बाबतीत नेमकं कुठं अडलं ते मी सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "पुष्कळदा घराण्यात असतं. आईवडिलांची बोटं बघ, पायाचीसुद्धा. कधी कुणाचंच नसतं, नव्यानं होतं. पण केव्हा अडलं, ते सांगता येतं. माणसात बोटं आठव्या आठवड्याच्या आत सुटतात. नंतर नाही."

त्या रात्री होस्टेलवर मैत्रेयीनं कॅलेंडर मांडलं. १२ ऑगस्टपासून मागे मोजत गेली. आठवा आठवडा १५ जानेवारीच्या आसपास संपत होता. ग्रहण सोळा फेब्रुवारीला. आई वावरात गाठ मारत होती तेव्हा बोटांचं जे व्हायचं ते होऊन एक महिना उलटून गेला होता.

पुढच्या शनिवारी ती पांढरकवड्याला गेली. आई भाकरी टाकत होती. मैत्रेयीनं आधी दोघांचे पाय पाहिले. नागोराव हसत म्हणाले, "काय पाह्यतं वं?" दोघांचीही बोटं सुटी होती. मग तिनं सगळं सांगितलं. ग्राही हा शब्द तिनं आईसाठी वापरला नाही. ती म्हणाली, "बाबाच्या जिनिंगमध्ये भोंगा होते ना, मंग पाळीचे लोक निंगून जातेत. तसं बोटाच्या मधातल्या पेशींले सांगणं येते, की आता निंगा. माह्या हातात सांगणं आलं असन, पण त्याईनं घेतलं नाही. म्हणून त्या तिथंच राह्यल्या."

"बहिऱ्या होत्या म्हन," कौसल्या म्हणाली.

"हो. अन् हे सारं संक्रांतीच्या टायमाले झालं. गिऱ्हाण त्याच्यानंतर महिन्यानं. तुह्या गाठीचा काही संबंध नाही, माय."

कौसल्येनं तव्यावरची भाकर उलटली. मैत्रेयीला वाटलं, आता ती रडेल. कौसल्या म्हणाली, "मंग संक्रांतीले म्या काय केलतं?"

नागोराव हसले, मैत्रेयी हसली नाही. आईच्या कपाळावर आठ्या होत्या. ती खरोखर आठवत होती. तीळ कुटले होते, पाणी भरलं होतं, शेजारच्या बाळंतिणीकडे गेली होती.

"काहीच नाही केलं तू," मैत्रेयी म्हणाली. "कोणीच काही केलं नाही."

"काही केल्याबिगर असं होते?"

"होते."

कौसल्येनं त्यावर मान हलवली, पण ते तिच्या गळी उतरायला वेळ लागला. मैत्रेयी सांगायची की त्यानंतर दोनेक महिन्यांनी ती घरी आली, तेव्हा आई अंगणात जुन्या कपड्यांचं बोचकं बांधत होती. स्वतःच, दोन्ही हातांनी, गुडघा लावून आवळून.

पुढची वर्षं आमच्या भागाला वाईट गेली. जिनिंग २००३ ला बंद पडलं. कापसाची गावंच्या गावं बसली. नागोरावांच्या छातीत पंचवीस वर्षांची रुई होती. दम लागायचा, खोकला थांबायचा नाही. २००७ च्या हिवाळ्यात ते गेले आणि कौसल्या लेकीकडे महागावला राहायला आली. कॉलेजात अकरावीला साठ नावं असायची, ती दिवाळीनंतर पस्तीसवर यायची. मुलं फवारणी करून थेट वर्गात यायची, डोळे लाल, अंगाला औषधाचा वास. मैत्रेयी त्यांना आधी नळाखाली हात-तोंड धुवायला लावायची, मगच बसू द्यायची. आमचं कॉलेज विनाअनुदानित. पगार येईल तेव्हा येई. तिनं सोडून जायचा विचार केला नाही असं नाही. पण तिच्या वर्गात एखादी मुलगी असायची आणि ती थांबायची.

रुपाली त्यातली एक. जवळच्या तांड्यावरची, देवीलाल राठोडांची मुलगी. बारावीला जीवशास्त्रात वर्गात पहिली आली आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, पलीकडच्या तांड्यावरच्या प्रेमसिंगशी. २०१० च्या मार्चमध्ये देवीलाल कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. आत यायला तयार नव्हते.

"मॅडम, रुपालीले पोरगी झाली," ते म्हणाले. "तिचे हात तुमच्यासारखे हायेत."

बाळ नऊ जानेवारीला झालं होतं. पहिली बाळंतीण म्हणून रुपाली माहेरीच होती. सासरची माणसं पाहायला आली, मुठी उघडून पाहिल्या आणि त्याच दिवशी परत गेली. त्याच आठवड्यात नेमकं आणखी एक सूर्यग्रहण आलं, त्यामुळे जुन्याची आठवण सगळ्यांना झाली. आदल्या जुलैत सकाळी उगवतानाच सूर्य झाकला गेला होता. पाऊस ओढ देऊन आला होता, सरकी दुसऱ्यांदा टोबायची, म्हणजे एकेक बी हातानं मातीत लावायची होती, आणि रुपाली पोटुशी असताना त्या सकाळी वावरात गेली होती. सासरे शंकरसिंग म्हणाले होते, सुनेनं घरात अवलक्षण आणलं. त्या साली कापूसही बुडाला होता, तोही तिच्याच नावावर गेला. दोन महिने होऊन गेले तरी प्रेमसिंग न्यायला आला नव्हता.

मैत्रेयीनं स्टाफरूममध्ये येऊन मला विचारलं, "मिताली, जुलैतलं ग्रहण नेमकं किती तारखेचं?"

"बावीस. सकाळी सव्वासहा-साडेसहाला जास्तीत जास्त होतं."

ती वहीत मोजत बसली. "जूनच्या मध्यापर्यंत संपलेलं," ती म्हणाली. "रविवारी येतेस?"

रविवारी देवीलालांनी व्याह्यांनाही बोलावून घेतलं होतं. आम्ही ऑटोनं निघालो तेव्हा कौसल्या आधीच येऊन बसली होती. "मीबी येतो," एवढंच म्हणाली.

रुपाली ओसरीत बाळाला घेऊन बसली होती, वाळून गेलेली. मैत्रेयीनं बाळाचा हात आपल्या उजव्या हातात घेतला. रुपालीला फार समजवावं लागलं नाही. वहीतलं पान पाहून तिनंच विचारलं, "म्हंजे मॅडम, आठव्या आठवड्यात ग्राहीपर्यंत निरोप गेला नाही?"

"गेला असेल, आत पोचला नसेल. नक्की कुठं अडलं ते सांगता येत नाही."

"पन गिऱ्हाणाच्या आधीच."

"पाच आठवडे आधी."

रुपालीनं डोळे पुसले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून म्हणाली, "याडी, आयकलं का?" तिची आई दारातच उभी होती.

शंकरसिंग मात्र ऐकायला तयार नव्हते. साठीचे, उंच, पांढरा फेटा. खाटेवर बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमी शिकेल लोक. कागदावर काहीबी मांडता येते. आमच्या खानदानात असं कोनाचं नाही. हे बाहेरून आलं."

प्रेमसिंग बापाच्या मागे खाली मान घालून उभा होता.

तेव्हा कौसल्या बोलली. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. "भाऊ," ती म्हणाली, "जरा चप्पल काढा बरं."

"काहून?"

"काढा त."

शंकरसिंगांनी गोंधळून रबरी चप्पल काढली. कौसल्या खाली बसली असल्यामुळे तिला ते आल्यापासून दिसत होतं. त्यांच्या उजव्या पायाचं दुसरं आणि तिसरं बोट अर्ध्यापर्यंत जुळलेलं होतं. डाव्याचंही, थोडं कमी. ओसरीत सगळ्यांनी वाकून पाहिलं.

"हे?" शंकरसिंग म्हणाले. "हे त जनमाचं हाय. माह्या याडीनं सांगतलं होतं, असा पाय नशिबवानाचा रायते. सोयरीक झाली तवा सासऱ्यानं हाच पाय पाहून होकार देल्ता."

पहिल्यांदा प्रेमसिंग हसला. मग त्यानं ओठ दाबले.

मैत्रेयी सावकाश म्हणाली, "बापू, असं घराण्यात असलं की कुणाच्या पायात येतं, कुणाच्या हातात. कुणाच्यात दिसतही नाही. एकच गोष्ट आहे ती."

"म्हंजे दोष माहा?" शंकरसिंगांचा आवाज चढला.

"दोष कुणाचाच नाही."

"पायाले नशीब म्हनता," कौसल्या म्हणाली, "त हातालेबी तेच म्हना. नाही त दोन्हीले काहीच म्हनू नोका. मले लोकाईनं एक गोष्ट सांगतली होती, म्या वीस वर्सं ते खरं धरलं. या पोरीनं कायले धरावं?"

शंकरसिंग चप्पल पायात सरकवून उठले, चहा न घेता गेले. प्रेमसिंग जाताना एकदाच मागे वळला. देवीलाल म्हणाले, "झालं. होतं तेबी गेलं." रुपाली मात्र बाळाच्या हातावरून बोट फिरवत बसली होती. तिनं विचारलं, ऑपरेशन किती वर्षांचं झाल्यावर करतात. मैत्रेयी म्हणाली, दीड-दोन वर्षांत केलं तर उत्तम, माझ्यासारखं अकराव्या वर्षाची वाट पाहू नकोस.

ऑटोत कौसल्या लेकीला म्हणाली, "तिले दोनच महिने लागले. बरं झालं." त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं पोटभर जेवण केलं आणि लवकर झोपली.

नवव्या दिवशी प्रेमसिंग आला, जीप घेऊन. बरोबर त्याची आई होती. शंकरसिंग आले नाहीत, पण त्यांनी नातीसाठी चांदीचे वाळे पाठवले होते. बाळाचं नाव सुहानी ठेवलं. मैत्रेयी बारशाला गेली तेव्हा तांड्यावरच्या बायका तिचा हात धरून पाहत होत्या आणि एकमेकींना आपल्या घरातल्या कुणाच्या कुणाच्या बोटांचं सांगत होत्या.

सुहानी दीड वर्षाची झाल्यावर नागपूरला तिच्या एका हाताची शस्त्रक्रिया झाली, सहा महिन्यांनी दुसऱ्या हाताची. मैत्रेयी दोन्ही वेळा बरोबर गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, टाके निघाल्यावर बोटांच्या मधल्या वणावर दिवसातून तीनदा खोबरेल लावून हलक्या हातानं चोळायचं, वर्षभर, नाहीतर कातडं आखडतं आणि बोटं वाकडी होतात. घरातले सगळे सकाळी वावरात जायचे आणि रुपालीनं तोवर यवतमाळला नर्सिंगला प्रवेश घेतला होता. ते काम शंकरसिंगांकडे आलं. मी एकदा तिकडून जाताना पाहिलं. खाटेवर सुहानी मांडीत, शेजारी तेलाची वाटी, आणि म्हातारा चार बोटं एकेक करून मोकळी करत होता. ती हात ओढून घ्यायची, तो पुन्हा धरायचा.

"डॉक्टरनं तीन टाइम सांगतलं," मला पाहून ते म्हणाले. "मी चार टाइम करून राह्यलो. चालते न, मॅडम?"

मी म्हटलं, चालतं.